सायमन आबांचा हात

चहा घ्या, मग सांगतो. बंगळूरच्या सेमिनरीतून, फादर होण्याचं शिक्षण घेणारा ब्रदर म्हणून, मी मोठ्या उमेदीनं परतलो. आमच्या चर्चचे फादर म्हणाले, "तरुणांना देवाच्या हाकेविषयी सांग." शिरूर झालं, न्हावरं झालं, कुणी पुढं आलं नाही. काल दौंडच्या चर्चमध्ये मिस्सेची उपासना संपल्यावर मी थकल्या आवाजात विचारलं, "फादर किंवा सिस्टर व्हावंसं कुणाला वाटतं? हात वर करा."

तरुण पोरं दाराबाहेरच्या चपलांकडं बघायला लागली. एकच हात वर आला, पंचाहत्तरीच्या सायमन आबांचा.

"आबा, हे तरण्यांसाठी हाय!" मागून एकजण ओरडला. सगळे हसले.

"ठाऊक हाय," आबा म्हणाले. "तरणा व्हतो तवा लई वाटायचं. पर कुणी इचारलंच न्हाई."

आबांचा हात अजून वरच होता.

"आता हात खाली घिऊ का, ब्रदर? खांदा दुखतोय."