आप्पांचा बंगला

माझा चहा संपेस्तोवर बंगल्याचं नाव काढू नका, नाकातून येईल!

आमच्या चुलत्यांनी, आप्पांनी, लोहाऱ्यात दोन मजली घर बांधलं. वास्तुशांतीच्या पंगतीत वाढता वाढता प्रत्येकाला विचारायचे, “बंगला कसा वाटला?”

आमचे दाजी मास्तर. ते म्हणाले, “आप्पा, बंगला शब्द बंगालवरनं आला. तिकडच्या गवतानं शाकारलेल्या एकमजली घराला बंगला म्हणायचे.”

शेजारच्या सखूमावशी शेळ्या पाळतात. त्यांनी घास थांबवला. “म्हंजी माझ्या शेळ्या बंगल्यात राहत्यात व्हय?”

पंगत लई हसली. आप्पा लाल झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आप्पांनी गच्चीवर कडब्याचं छप्पर घातलं. “आता बोला म्हणावं!”

दुपारी वरनं काकूंची हाक आली, “अवो, पळा! मावशीची शेळी आपला बंगला खातीया!”