झीज वगळून

नवरा : ...तर या शहाण्या माणसानं चार कंपन्यांच्या गाड्या पाहिल्या. रंग बघितला नाही, चालवून बघितली नाही. सगळीकडे एकच प्रश्न. वॉरंटी किती?

बायको : हळू बोला. काचेपलीकडचे मेकॅनिक बघताहेत.

नवरा : बघू देत. तर एका कंपनीनं सात वर्षं सांगितली आणि हा जागच्या जागी विरघळला.

बायको : आणि घरी येऊन म्हणाला, आता सात वर्षं बॉनेट उघडायचं नाव नको.

नवरा : गोष्ट मी सांगतोय ना?

बायको : तुम्ही सोयीचं तेवढं सांगता. माझ्या भावाच्या गळ्यातही तीच गाडी मारलीत, ते येऊ द्या की गोष्टीत.

नवरा : येतंय, येतंय. मेहुणा बिचारा नको नको म्हणत होता. तर शहाणा त्याला म्हणतो कसा, 'अरे, वॉरंटीचं पुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलंय.'

बायको : वाचलं होतंतच.

नवरा : वाचलं होतं! जन्म गेला छापखान्यात मुद्रितं तपासण्यात. लाल पेन घेऊन वाचलं. 'नैसर्गिक झिज वगळून' असं छापलं होतं. शहाण्यानं कंपनीला फोन लावला. म्हणाला, बाई, झीज हे नाम आहे, झी दीर्घ हवी. ती म्हणाली, थँक यू सर. याची छाती केवढी फुगली!

बायको : आणि 'वगळून'?

नवरा : 'वगळून' बरोबर छापलं होतं.

बायको : अहो, हसवू नका. एक आधीच सांगून ठेवते. माझ्यामुळे झालं असं निघालं, तर किल्ली तुमच्याकडे. मी पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही.

नवरा : अगं, अजून कोणी तोंड उघडलेलं नाही.

बायको : पुलाच्या चढावर जळका वास आला तेव्हा कोण चालवत होतं? पन्नाशी उलटल्यावर कशाला ही गाडी शिकायची हौस, म्हणत होतेच सगळे.

सल्लागार : काका, बघितली गाडी.

नवरा : बघ गं. विकत घेताना 'सर' होतो.

सल्लागार : क्लच प्लेट जळलीय. बदलावीच लागेल.

नवरा : बदला की. सात वर्षांची वॉरंटी आहे, अजून दुसरंच चालू आहे.

सल्लागार : वॉरंटी आहेच, काका. पण क्लच झिजणाऱ्या भागांत येतो. क्लच, ब्रेकचे पॅड, वायपर, रबराचं झाडून सगळं.

नवरा : बॅटरी?

सल्लागार : तिची वेगळी, छोटी वॉरंटी.

नवरा : टायर?

सल्लागार : ते टायरवाल्या कंपनीला विचारायचं.

नवरा : उंदरानं वायर कुरतडली तर?

सल्लागार : ते बाहेरचं कारण झालं.

नवरा : आणि उंदीर तुमच्या अधिकृत केंद्रातला असला तर?

बायको : अहो!

नवरा : मग आत आहे तरी काय?

सल्लागार : इंजिनाचं आतलं काम, गिअरबॉक्स, स्टिअरिंग. तेसुद्धा प्रत्येक सर्व्हिसिंग वेळेवर झालं असेल तर.

नवरा : म्हणजे जे बिघडत नाही, त्याची हमी सात वर्षं. जे बिघडतं, ते आमचं आम्ही बघायचं.

सल्लागार : तसं नाही, काका. गिअरबॉक्स क्वचितच जातो. पण गेला की माणूस गाडीच विकायला काढतो. त्या दिवसासाठी असते ही वॉरंटी. आज तो दिवस नाही, एवढंच.

नवरा : आमचं नशीबच फुटकं. गेलं तेही स्वस्तातलं.

बायको : पण क्लच इतक्या लवकर का गेला हो?

सल्लागार : सवय, मॅडम. पाय क्लचवर ठेवून चालवायचं, चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवायची. नवीन शिकणाऱ्यांचं होतं असं.

बायको : झालं तर मग.

नवरा : जुन्यांचंही होतं. होतं की नाही हो?

सल्लागार : होतं की. म्हणूनच एक मार्ग आहे. सौजन्य म्हणून कंपनी कधीकधी बराचसा खर्च सोसते. तुम्ही फक्त लिहून द्या, गाडी मी एकटाच चालवतो, दुसरं कोणी चालवत नाही. अनुभवी चालक म्हटलं की वरच्यांना पटतं.

बायको : द्या कागद. लिहितील ते.

(सल्लागार कोरा कागद ठेवून कॉफीच्या यंत्राकडे जातो. नवरा खिशातून पेन काढतो. शाई लाल.)

नवरा : 'सदर वाहन मी एकटाच चालवतो.' झालं.

बायको : सही करा.

नवरा : थांब जरा.

बायको : आता काय? खोटं लिहिल्यासारखं वाटत असेल, तर सोडा ते. आजपासून खरंच आहे.

नवरा : बहिणीकडे कशी जाशील?

बायको : पूर्वी जायचे तशी. तुम्हाला सवड असेल तेव्हा.

नवरा : मला कधी सवड होती? पूर्वी तू जायचीसच नाहीस.

बायको : मग नाही जाणार. सही करा.

नवरा : चूक आहे यात.

बायको : कुठे? 'एकटाच'मध्ये?

नवरा : हो.

बायको : नीट तर लिहिलंय.

नवरा : शुद्ध आहे गं. चूक अर्थात आहे.

बायको : तुम्ही अर्थ कधीपासून तपासायला लागलात?

नवरा : आत्ताच. सवय नाही, म्हणून वेळ लागतोय.

सल्लागार : झालं का, काका?

नवरा : झालं. 'एकटाच' खोडलंय. वर बारीक अक्षरात घातलंय, 'आणि माझी पत्नी.' क्रियापदही बदललंय, 'चालवतो.'

सल्लागार : क्रियापद तर तेच आहे.

नवरा : आधी एकवचन होतं, आता अनेकवचन आहे.

सल्लागार : काका, असं लिहिलंत तर सौजन्य मिळणार नाही. पूर्ण बिल येईल.

नवरा : येऊ दे.

बायको : येऊ दे काय? माझा भाऊ पोट धरधरून हसेल.

नवरा : हसू दे. त्याचाही क्लच झिजतोच आहे.

बायको : आणि मी परत जाळला तर?

नवरा : तर परत वगळतील. मी शेजारी बसून 'चढ आला, चढ आला' असं ओरडलो नसतो, तर कदाचित जळलाही नसता. वॉरंटीवाल्यांनी ते लिहिलेलं नाही, त्यांची मेहेरबानी.

बायको : ओरडता खरे तुम्ही.

सल्लागार : मग काम सुरू करायचं?

नवरा : यांना विचारा.

बायको : मला? ...नवीन क्लच पायाला कसा लागेल हो? कडक?

सल्लागार : उलट हलका, मॅडम. सुरुवातीला जरा वेगळा वाटेल, बेतानं सोडायचा. गाडी परवा तयार होईल. न्यायला काका येतील ना?

बायको : येतील की. शेजारी बसायला.