शेवटची वडी आणि विस्कॉन्सिनचं मत

...आणि फोन तरी किती यावेत हो! तुम्हाला सांगतो, गोठ्यात गाय अडलेली, माझा एक हात कोपरापर्यंत आत, आणि खिशात फोन आपला वाजतोय, वाजतोय, वाजतोय. शेवटी कसाबसा डाव्या हातानं काढला, तर पलीकडून कॅलिफोर्नियातली कुणी पोरगी, गोड आवाजात, "सर, तुमचं एक मत देशाचं भविष्य ठरवणार आहे!" म्हटलं, बाई, आत्ता माझा एक हात वासराचं भविष्य ठरवतोय, मग बोलू. तर म्हणते, "मग मी पाच मिनिटांनी करते." आणि केला की!

आता शेजारचं इलिनॉय घ्या. तिथं राज्य कुणाकडे जाणार हे आधीच ठरलेलं, त्यामुळे राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत तिथली माणसं सुखानं दोन घास खातात, त्यांना कुत्रं विचारत नाही. आमचं विस्कॉन्सिन पडलं काठावरचं! इकडून फुंकर मारली की तिकडे, तिकडून मारली की इकडे. मग सगळा देश आमच्याच अंगणात. टीव्ही लावला की जाहिरात, टपालाची पेटी उघडली की जाहिरात, कुंपणाला आमच्या माणसाची पाटी, रस्त्यापलीकडे डेल्मरच्या कुंपणाला त्यांच्या माणसाची पाटी...

हां, डेल्मर. तुम्ही आमच्या गावचे नाही म्हणून सांगतोय बरं का, नाहीतर हे तोंडातून काढलं नसतं. डेल्मर प्रोखास्का म्हणजे माझा शेजारी आणि जिवाभावाचा दोस्त. तो त्यांच्या पक्षाचा, मी आमच्या. एका निवडणुकीला दोघं एकाच गाडीतून मतदानाला निघालो, आणि बर्फात गाडी गेली खड्ड्यात. बसलो काचा पुसत. डेल्मर म्हणाला, "ऑर्विल, तू तिकडं जाऊन काय करणार? तुमच्या माणसाला मत देणार. मी आमच्या. बेरीज शून्य. त्यापेक्षा घरी जाऊन पत्ते खेळू." हात मिळवला. तेव्हापासून राष्ट्राध्यक्ष कुणीही होवो, मतदानाच्या मंगळवारी आम्ही दोघं त्याच्या स्वयंपाकघरात, पत्त्यांचा डाव, गुण मोजायचा खुंट्यांचा पाट, कॉफी आणि त्याच्या बायकोनं केलेल्या लिंबाच्या वड्या. कागद नाही, सही नाही. शब्द म्हणजे शब्द.

आणि मी वाईट माणूस नाही हो. विचारा आमच्या गावात कुणालाही... नको, विचारू नका.

आमची मार्लिस, म्हणजे बायको, आमच्या पक्षाचं या भागातलं सगळं काम बघते. गेल्या निवडणुकीला तिनं उन्हाळ्यापासून टुमणं लावलं होतं. "ऑर्विल, अख्ख्या राज्याच्या दारोदार मी हिंडायचं आणि माझाच नवरा पत्ते कुटत बसणार? लोक काय म्हणतील?" म्हटलं, अगं, पण डेल्मरही बसतोच ना. "त्याचं त्याच्यापाशी! राज्य गेलं ना एका मतानं, तर मी तुझ्याकडे बघेन. नुसती बघेन." आता मार्लिसचं ते बघणं तुम्ही बघितलेलं नाही. बैल मागं सरतो.

झालं. मंगळवार उजाडला, दूध काढून झालं, मी पत्त्यांच्या डावाला निघालो. खरंच डावालाच निघालो होतो! वाटेत लागतं गावचं सभागृह, बाहेर गाड्यांची रांग, आणि माझ्या कानात ती कॅलिफोर्नियातली पोरगी, समोर मार्लिसचे डोळे... गाडी आपोआप वळली. आत जातो तर यादी घेऊन टेबलाशी कोण बसलंय? बर्नडीन. डेल्मरची बायको! दर निवडणुकीला तीच बसते, हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण मोह झाला की माणसाला काही आठवतं का?

एरवी ही बाई मला "अरे ऑर्विल, पाय पूस आधी, शेण आणलंस" असं म्हणणारी. त्या दिवशी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाली, "नाव सांगा." म्हटलं, बर्नडीन, मी... "नाव सांगा. पत्ता सांगा. मोठ्यानं." आमच्याकडे मोठ्यानंच सांगावं लागतं. तीन पिढ्यांचा पत्ता तो, डेल्मरच्या बरोब्बर समोरचा, आणि मी तो असा सांगितला जसा चोर पोलिसांना सांगतो. तिनं मताचा कागद दिला. आमच्या गावात माणूस फार रागावला की फार नीट वागतो.

गेलो आडोशाला. पेन उचललं. आमच्या माणसाच्या नावापुढचा गोल समोरच होता हो! पण डोळ्यांपुढे डेल्मर. त्यानं आत्ता पाट मांडला असेल, माझा कप उलटा होता तो सुलटा केला असेल... आणि आमच्यात एक रीत आहे. ताटलीतली शेवटची वडी कुणी घ्यायची नाही. घेतली तर अर्धी कापायची. मग दुसरा त्या अर्धीची अर्धी कापतो. शेवटी कण उरतो, पण उचलत कुणी नाही. कुणाला घ्यावीच लागली तर ती दुसऱ्याच्या बशीत ठेवायची. आईनं चापट मारून शिकवलेलं. तर त्या आडोशात मला वाटायला लागलं की हे मत म्हणजे ती वडी आहे. आपण शब्द मोडून आत आलो, वर आपल्याच बशीत वाढून घ्यायचं? हात गेला आणि डेल्मरच्या माणसाचा गोल काळा केला.

तुम्ही म्हणाल, अहो, कोरा ठेवायचा! सुचलं नाही. यंत्रानं कागद गिळला आणि मग सुचलं.

वळतो तर बर्नडीननं मत देणाऱ्याला मिळतो तो 'मी मतदान केलं' असा स्टिकर माझ्या छातीवर अंगठ्यानं दाबून बसवला, आणि त्याच क्षणी दारातून मार्लिस, दोन म्हाताऱ्यांना हाताला धरून. स्टिकर बघितला, म्हाताऱ्यांना सोडलं आणि सगळ्यांसमोर मला मिठी मारली! लग्नानंतर पहिल्यांदा चारचौघांत. डोळ्यांत पाणी. मी काय सांगणार होतो?

तरी मी वाईट माणूस नाही. विचारा कुणालाही.

स्टिकर टोपीच्या आत लपवला आणि डेल्मरकडे गेलो. पाट मांडलेला. कप सुलटा. मी इतका वाईट खेळलो, इतका वाईट, की डेल्मर म्हणाला, "अरे, पत्ते उलटे धरलेस, मला दिसताहेत." दुपारी त्याचा फोन वाजला. तो नुसता "हं... हं... बरं" म्हणाला आणि पुन्हा येऊन पत्ते वाटले. संध्याकाळपर्यंत खेळलो. शेवटची वडी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात रेडिओ लावला. विस्कॉन्सिन गेलं! त्यांच्याकडे गेलं, आणि फरक किती, तर आमच्या फुटबॉलच्या मैदानाचा एक कोपरा भरेल एवढी माणसं. मार्लिस दुधाच्या टाकीला टेकून रडली. म्हणाली, "निदान तू तरी आपलं कर्तव्य केलंस." मी गाईच्या पोटाला डोकं लावून बसलो. गाईनंसुद्धा लाथ मारली नाही हो. मारायला हवी होती.

आणि दहाच्या सुमारास डेल्मर आला. हातात घरच्या चीजचा गोळा. म्हणाला, "ऑर्विल, तू मत देऊन आलास ते मला कालच कळलं होतं. बर्नडीनचा फोन आला होता."

म्हटलं, मग तू गेला का नाहीस? आठपर्यंत चालू होतं मतदान!

"निघणार होतो. पण तू इतका वाईट खेळत होतास, चेहरा असा पडलेला, म्हटलं, ह्याला एकट्याला कसं सोडायचं? आणि तुमच्याकडे एक मत जास्त पडूनही हरलात ना! म्हणजे हिशेब देवानंच केला. माफ केलं मी तुला."

मी तोंड उघडलं. तुम्हाला शपथेवर सांगतो, सगळं सांगायला उघडलं. तर दारात मार्लिस उभी, कॉफीची किटली घेऊन, कौतुकानं माझ्याकडे बघत. मिटलं.

डेल्मर कॅथलिक, त्यांच्यात पाद्र्यासमोर कबूल करून मोकळं व्हायची सोय आहे. आम्ही पडलो ल्यूथरन पंथाचे, आमच्यात नुसती कॉफी. केलेल्या पापाची माफी मागायला तोंड नाही, आणि न केलेल्याची घरपोच मिळाली, चीजसकट! डेल्मर रागावला असता तर जेवण तरी गेलं असतं मला. आता वडी अर्धी करतो आणि मोठा तुकडा माझ्या बशीत ठेवतो. मोठा!

आणि आता पुढची निवडणूक आली. परवा डेल्मर म्हणाला, "ऑर्विल, लपूनछपून जाऊ नकोस. मार्लिससाठी तू खुशाल जा, मी घरी बसतो. तुमचं एक मत वाढलं तर वाढू दे, दोस्तीत काय मोजायचं?" इतका चांगला माणूस, आणि त्याच्या ह्या चांगुलपणाचं ओझं घेऊन मी त्या आडोशात उभा राहणार, हातात पेन... मला माझा हात माहीत आहे हो. म्हणजे डेल्मर घरी बसूनही त्याचं मत पडणार, आणि मी जाऊनही माझं पडणार नाही.