फोन तिच्या हातात देत नाही

...नाही पण मला सांगा, नऊ वर्षं हे काय वय आहे का हो? चौथीतली पोर, परवा शाळेतून आली आणि बाथरूममधून हाक, ‘मम्मी, रक्त आलंय.’ मला वाटलं पडली, हळद घेऊन धावले... हळद! सासूबाईंनी कपाळावर हात मारला, ‘माय वं, नऊ वरीसनी पोर शे ती!’ जसं काही मला माहीतच नाही. यांना लूमच्या कारखान्यात फोन लावला तर तिथल्या खटखटाटात काही ऐकू जाईना, आणि ओरडून तरी काय सांगणार? शेजारची जयश्री म्हणाली, मोबाईलमुळे होतं गं हे. म्हटलं, कसं शक्य आहे? तुम्हाला सांगते, फोन मी तिच्या हातात देतच नाही.

उधन्याला डॉक्टरीणबाईंकडे गेलो. शर्वरी खुर्चीत पाय हलवत बसलेली. ‘बेन, टेन्शन नका घेऊ. झोप किती, खाणं काय, मोबाईल किती?’ मी ताठ मानेनं सांगितलं, फोन हातात देतच नाही. तर ही म्हणते, ‘हो ना, फोन मम्मी धरते. मी साडी धरते.’

झालं. आता तुमच्यापासून काय लपवायचं... घरबसल्या साड्या विकते मी, आमच्या गोडादरा वस्तीत कोण विकत नाही? माझ्या खांद्यावर पदर टाकला तर व्हिडिओ वीस जण बघायचे, तिच्या खांद्यावर टाकून जरा लिपस्टिक लावली की हजार! खाली लोक गुजरातीत लिहायचे, ‘बेबी क्यूट छे’... मला वाटायचं, साड्या आवडतायत. ती म्हणायची, ‘आज नको ना मम्मी.’ मी म्हणायचे, एकच, शेवटची.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फोनमुळेच झालं असं सांगता येत नाही, हाताचा एक्स-रे काढू, हाडांचं वय कळेल. रिपोर्ट गुरुवारी. किती वर्षांची निघतील हो हाडं? आणि ती हजार माणसं कोण होती? मला एकाचंही नाव ठाऊक नाही. भीती वाटते, खरंच भीती वाटते.

घरी आल्या आल्या म्हटलं, सगळे व्हिडिओ काढून टाकायचे. अर्धा तास दाबतेय, दाबतेय... एक व्हिडिओ तर पुसायच्या ऐवजी पुन्हा सगळ्यांना गेला! शेवटी तीच आली, पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून. ‘आण इकडे. तुला नाही येत.’

दिला. एका मिनिटात सगळं साफ. कधी शिकली, कुठे शिकली, विचारायचा धीर झाला नाही मला. मग तिनं फोन बंद केला, दप्तरात टाकला, चेन लावली आणि म्हणाली, ‘मम्मी, आता गुरुवारपर्यंत हा तुझ्या हातात देणार नाही.’

म्हटलं, बरं बाई.