कुरतडलेला कान

कालिंदी : याचा कान कुठे गेला?

यज्ञेश : कुणाचा?

कालिंदी : मुखवट्याचा! कडेला दातांच्या खुणा बघा. आणि ईशानीची जीभ पिवळी. आ कर बाळा, आ...

यज्ञेश : दात येताहेत तिला. उंबराचं लाकूड आहे, काही होत नाही.

कालिंदी : लाकडाचं कोण विचारतंय? हा पिवळा रंग कशाचा?

यज्ञेश : जुन्या पद्धतीचा हवा होता. हरताळ.

कालिंदी : अहो, आर्सेनिक असतं त्यात! बी.एस्सी.ला आम्हाला बाटलीला हात लावू देत नसत. रिक्षा बोलवा!

यज्ञेश : थांब, थांब. तीन मुखवटे कोरले ना? तिसऱ्याला हरताळ पुरला नाही. हळद लावली, डिंकात कालवून.

कालिंदी : मग हा कुठला?

यज्ञेश : तिन्ही सारखेच दिसताहेत गं. मागे आकडे घालायचे राहिले.

कालिंदी : जव्हारचे ते आदिवासी मुखवटे पाहून आलात तेव्हापासून तुम्हाला घर दिसतच नाही! आईंचा पानडबा आणा. पळा!

यज्ञेश : आत्ता पान?

कालिंदी : चुना हवाय! हळद असेल तर लाल होईल. हरताळ असला तर पिवळाच राहील. डॉक्टरांना काय सांगायचं ते तरी कळेल.

(यज्ञेश डबा आणतो. कालिंदी ओलं बोट चुन्यात बुडवून कुरतडलेल्या कानावर घासते.)

यज्ञेश : झालं?

कालिंदी : बोलू नका.

यज्ञेश : कालिंदी...

कालिंदी : लाल. लाल होतंय हो! बघा ना, कुंकवासारखं.

यज्ञेश : हुश्श! काय गं ठमे, बापाचे कान कमी पडले खायला?

कालिंदी : हसू नका. ते दोन आधी माळ्यावर टाका. आणि डॉक्टरांकडे जायचंच, चार वाजता उघडतात.

यज्ञेश : जाऊ.

कालिंदी : हळद कुठून आणलीत?

यज्ञेश : तुझ्याच डब्यातून. पावशेर असेल.

कालिंदी : कधी?

यज्ञेश : होळीनंतर. हळद गेली म्हणून तू इतकी तापली होतीस, म्हटलं, हळदच तर आहे, कशाला बोला.

कालिंदी : चोरीचा आळ घेऊन अख्ख्या दूधविनायक गल्लीला ऐकू जाईल असं बोलले मी कामाच्या गंगाला. बिचारीने पदर झटकून दाखवला.

यज्ञेश : म्हणून येत नाही ती? मला वाटलं, गावी गेली.

कालिंदी : मंगला गौरीच्या देवळाच्या पायऱ्यांखाली राहते ना? ईशानीला घ्या जरा.

यज्ञेश : मीही येतो. चूक माझी आहे.

कालिंदी : नको. ओरडताना मी एकटीच होते.