दादाचा पासवर्ड

हसू नका, पण त्या दिवशी माझ्या क्लासची परीक्षा सहाला होती आणि तिचं सॉफ्टवेअर घरच्या कॉम्प्युटरवर चढतच नव्हतं. ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागेल,’ एवढंच पुन्हा पुन्हा यायचं. पासवर्ड फक्त दादाला माहीत, आणि तो लातूरला होस्टेलवर. आईने वॉर्डनना फोन लावून माझ्याच हातात दिला.

“रविवारशिवाय पोरांना फोन देत न्हाई आम्ही.”

“सर, परीक्षा आहे. एकच शब्द विचारायचाय.”

“बरं. पण स्पीकरवर बोलायचं. नियम हाय.”

दादा आला.

“पासवर्ड सांग ना.”

“मग सांगतो.”

“अरे, आत्ताच पाहिजे!”

तो हळूच म्हणाला, “लातूर नको. सगळं जोडून लिही.”

मी टाईप केलं. सॉफ्टवेअर चढलं.

तिकडून वॉर्डनच म्हणाले, “स्पीकर बंद केलाय. आईला द्या फोन.”