देवी आंघोळीला गेली आहे

अथेन्सच्या पिरेयस बंदराच्या धक्क्यावर, रांगेत माझ्यापुढे उभा असलेला नवरदेव नावाड्याशी हुज्जत घालत होता.

"थेरोनकाका, आज निघायलाच हवं. उद्या एजिना बेटावर माझं लग्न आहे."

"अथेनादेवी समुद्रावर आंघोळीला गेली आहे. ती देवळात परतेपर्यंत दिवस अशुभ, नाव सुटायची नाही."

"लाकडी मूर्तीला कितीसा वेळ लागतो?"

"केस लाकडाचे आहेत. वाळायला नकोत?"

"इजिप्तवाल्यांचं बरं आहे. त्यांची देवी मांजर आहे."

"ती स्वतःला चाटून घेते. आपली आपल्यासारखी नाहते, धुतलेलं नेसते, मगच घरी येते. अशी देवी कुठे मिळायची, बाळा?"

"तेही खरंच. पण सासऱ्यांना काय सांगू?"

"खरं तेच सांग. एका बाईची आंघोळ होईपर्यंत थांबलो होतो."

"लग्नाच्या आदल्या दिवशी?"